नाशिकची हवा, ऊन आणि तुमचा कॅमेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडायला लागली की गंगापूर धरण, गोदाघाट, अंजनेरी, नांदूरमध्यमेश्वर सगळीकडे कॅमेरेवाले दिसायला लागतात आणि त्याबरोबर ठरलेले प्रश्नही सुरू होतात. डोंगर पांढुरके का आले, आकाश फिकट का, काल चाललेली सेटिंग आज का चालत नाही. बहुतेक वेळा कॅमेऱ्यात काही बिघाड नसतो, मधल्या हवेत काय तरंगतंय आणि सूर्य कुठे उभा आहे हे बघायचं राहून गेलेलं असतं. म्हणून खाली बऱ्याच उत्तरांत आधी हवेचं बोललोय, सेटिंगचं नंतर.

डोळ्यांना डोंगर नीट दिसतो, फोटोत मात्र धुरकट येतो. असं का?

कारण तुमच्या आणि डोंगराच्या मध्ये जी हवा आहे तिच्यातले कण स्वतःच उजेड पकडून लेन्सकडे फेकत असतात. डोंगराची काळी कपार खरंतर काळीच असते पण तिच्यावर हा फुकटचा उजेड येऊन बसतो आणि काळ्याचं करडं होतं. आपला मेंदू हे भरून काढतो, त्याला माहीत असतं की डोंगर गडद आहे, सेन्सरला ते माहीत नसतं, तो जे येईल ते मोजतो.

यात सगळ्यात महत्त्वाचं काय तर अंतर. समजा एखाद्या दिवशी दोन किलोमीटरवरच्या झाडीचा कॉन्ट्रास्ट (गडद-उजळातला फरक) निम्मा उरतोय, तर चार किलोमीटरवर तो पाव उरणार आणि आठ किलोमीटरवर सोळावा भाग. म्हणजे दर दोन किलोमीटरला उरलेला कॉन्ट्रास्ट परत निम्मा होत जातो. म्हणून लोक मोठी झूम लेन्स घेऊन शहरातूनच रामशेज किल्ला काढायला बघतात आणि मग लेन्सला नावं ठेवतात, ते मला पटत नाही. झूम केल्याने मधली हवा कमी होत नाही ना! पायथ्याच्या आशेवाडीपर्यंत गाडी घाला आणि साध्या लेन्सने काढा, लगेच फरक दिसेल. जवळ जाण्याइतका चांगला फिल्टर बाजारात मिळत नाही.

धुकं, धूर, धूळ सगळं धुरकटच दिसतं. मग फोटोत फरक काय पडतो?

खूप पडतो, सगळा खेळ कणाच्या आकाराचा आहे. हवेचे रेणू प्रकाशाच्या लहरीपेक्षा फारच लहान असतात, ते निळा रंग लाल रंगापेक्षा साधारण चौपट जास्त विखुरतात, आकाश निळं दिसतं ते त्यामुळेच आणि लांबचे डोंगर निळसर दिसतात तेही त्यामुळेच. धुराचे बरेचसे कण एक मायक्रॉनच्याही (मिलिमीटरचा हजारावा भाग) आतले, म्हणून धुरातही थोडा निळेपणा राहतो. धूळ त्यापेक्षा जाड, ती पिवळट तपकिरी झाक देते. आणि धुक्याचे थेंब साधारण १० ते २० मायक्रॉनचे, ते सगळे रंग सारखेच विखुरतात म्हणून धुकं पांढरंशुभ्र.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर हिवाळ्यात सकाळी चहाच्या टपरीजवळ पेटलेली शेकोटी बघा. धुराची बारीक रेघ वर चढताना मागे काळी भिंत किंवा झाडाचं खोड असेल तोपर्यंत निळसर दिसते, आणि तीच रेघ छपराच्या वर गेली, मागे उजळ आकाश आलं, की तपकिरी वाटायला लागते. धूर तोच, फक्त पहिल्यांदा तुम्ही विखुरलेला उजेड बघताय आणि दुसऱ्यांदा धुरातून गाळून आलेला. एवढं एकदा नीट बघितलं ना की सूर्य पाठीशी ठेवायचा की समोर, हे कोणाला विचारावं लागत नाही. लांबचा डोंगर स्पष्ट हवा असेल तर सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवा. धूरधुकंच दाखवायचं असेल तर सूर्य समोर घ्या, कारण बारीक कण बराचसा उजेड पुढच्या दिशेने फेकतात, त्यामुळे सूर्याकडे तोंड केलं की धुरकटपणा कितीतरी वाढतो.

नाशिकात सगळ्यात स्वच्छ हवा कधी मिळते?

पावसाळ्याच्या शेवटी. सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर, त्यातही चांगला पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी. पाऊस हवेतली धूळ खाली आणतो आणि जमीन ओली असल्याने ती परत लगेच उडत नाही. त्या दिवसांत पांडवलेणीच्या वर उभं राहिलं की शहरापलीकडच्या डोंगरांच्या कडा कापल्यासारख्या दिसतात. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर ज्यांना स्पष्ट हवेत त्यांनी हे दिवस अजिबात सोडू नयेत.

दिवाळीनंतर चित्र बदलतं. रात्री जमीन पटकन गार होते, तिला चिकटलेली हवा गार होते आणि वर त्यामानाने उबदार हवेचा थर राहतो, म्हणजे शहरावर झाकण बसल्यासारखं होतं. मग शेकोट्यांचा धूर, गाड्यांचा धूर, निफाड बाजूला उसाचं पाचट पेटवलेलं असेल तर तो धूर, सगळं खालीच कोंडून राहतं. ऊन तापून जमीन गरम झाली की दहा-अकराच्या सुमारास हा थर फुटतो. त्यामुळे हिवाळ्यात पहाटे उंचावर गेलात तर हा थर वरून कापलेल्या रेघेसारखा दिसतो, तो फोटो मस्त येतो, पण त्याच थराच्या आत उभं राहून लांबचं काढायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

फेब्रुवारीपासून मेपर्यंत वेगळीच भानगड. डोंगरांवर वणवे लागतात, पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी पट्ट्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, वर कोरडी धूळ. कधीकधी धूळ फार लांबूनही येते, जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून अरबी समुद्रावरून आलेल्या धुळीने मुंबईसकट उत्तर महाराष्ट्रात भरदिवसा सूर्य फिका केला होता. शिवाय सध्या सिंहस्थाच्या तयारीची खोदकामं चालू आहेत, ज्या रस्त्यावर काम चालू असेल तिथे संध्याकाळी दिवे लागल्यावर प्रत्येक दिव्याभोवती धुळीचं कडं दिसतं.

एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा आकडा) बघून फोटोचा अंदाज येतो का?

अर्धवट येतो. एक्यूआय आकडा चांगला असूनही सकाळ धुरकट असू शकते, कारण हवेतले बरेच कण ओलावा शोषून फुगतात आणि फुगलेला कण जास्त उजेड विखुरतो. म्हणून आकड्याबरोबर आर्द्रता पण बघा. आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तर लांबच्या डोंगराचा बेत सोडा आणि जवळचं काहीतरी काढा. दुपारी आर्द्रता उतरली की तेवढ्याच प्रदूषणात बरंच लांबचं दिसतं.

गोल्डन अवर नक्की किती वेळ असतो? मी पोचेपर्यंत संपतो.

कारण इथे तो तासभर नसतोच! ॲप्स आणि परदेशी व्हिडिओ बघून लोक निवांत तास धरून चालतात. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर, इथे सूर्य बराच उभा खाली उतरतो. सूर्य क्षितिजापासून सहा अंशांच्या आत आला की तो सोनेरी उजेड धरतात आणि हे सहा अंश इथे पंचवीस ते अठ्ठावीस मिनिटांत संपतात. युरोपात सूर्य तिरका उतरतो म्हणून तिकडे वेळ जास्त मिळतो. सूर्य बुडाल्यावरचा निळा उजेडही असाच, वीस-पंचवीस मिनिटांत अंधार पडतो. त्यात पश्चिमेला डोंगर किंवा धुराचा थर असेल तर सूर्य घड्याळातल्या वेळेच्या आधीच गायब, गंगापूर धरणावर हिवाळ्यात सूर्य पाण्यापर्यंत पोचायच्या आधीच पांढुरक्या थरात विरून जातो हे बऱ्याच जणांनी बघितलं असेल. तेव्हा ट्रायपॉड, फ्रेम, फिल्टर सगळं अर्धा तास आधी लावून तयार राहा.

अजून एक, सूर्यास्ताची जागा वर्षभरात खूप सरकते. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या साधारण २५ अंश उत्तरेला मावळतो आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. म्हणजे मेमध्ये बघून ठेवलेली फ्रेम डिसेंबरात तशीच मिळेल ही आशा धरू नका. वेळाही लक्षात ठेवा, जानेवारीच्या मध्यावर सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि जूनच्या शेवटी सव्वासातच्या सुमारास मावळतो. गोदाघाटावर रामकुंडाच्या बाजूची देवळं पूर्व काठावर आहेत, त्यामुळे पलीकडच्या काठावरून बघितलं तर सकाळी ती सूर्यासमोर काळसर दिसतात आणि संध्याकाळी त्यांच्या तोंडावर ऊन येतं. सकाळी तिथे जायचं ते धुक्यासाठी, धुपाच्या धुरासाठी आणि पाण्यावरून उठणाऱ्या वाफेसाठी. देवळाचं कोरीवकाम काढायचं तर संध्याकाळी.

दुपारी फोटो काढूच नयेत का?

महिना कोणता त्यावर आहे. आधी एक गोष्ट, नाशिकात सूर्य बारा वाजता सगळ्यात उंच नसतो, आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि आपण ७४ च्या अलीकडे, त्यामुळे खरी मध्यान्ह साधारण साडेबाराच्या पुढेमागे होते. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली नाहीशी होते, आणि जुलैच्या शेवटाकडे परत एकदा येतो, फक्त तेव्हा ढगांमुळे दिसत नाही. अशा उन्हात माणसांच्या डोळ्यांत काळ्या खोबणी पडतात, तापलेल्या जमिनीवरून हवा लहरते आणि लांबच्या फोटोत सगळं थरथरल्यासारखं मऊ येतं, त्यावर कुठलीही महागडी लेन्स इलाज करू शकत नाही.

पण डिसेंबरात भर दुपारी सूर्य जेमतेम ४६-४७ अंशांपर्यंत चढतो. सावली तिरकी पडते, सकाळचा धूर फुटलेला असतो, म्हणजे हिवाळ्यातली दुपार लँडस्केपला चक्क चांगली असते आणि लोक त्याच वेळी जेवायला बसतात!

उन्हाळ्यात दुपारी आत शिरा. पांडवलेणीची तोंडं उत्तरेच्या बाजूला आहेत, तिथे वर्षातला बराच काळ थेट ऊन न येता आकाशाचा मऊ उजेड येतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे चौकही तसेच, समोरच्या भिंतीवर पडलेलं ऊन उलटून तोंडावर येतं, पोर्ट्रेटला यापेक्षा वेगळा लाइट लागत नाही. ट्रायपॉड मात्र लेण्यांत परवानगीशिवाय लावू देत नाहीत.

काल चाललेली सेटिंग आज काळी किंवा पांढरी का मारते?

आपल्या डोळ्याला उजेडातला फरक कमी जाणवतो म्हणून. भर उन्हात जमिनीवर साधारण एक लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, पावसाळी काळ्या ढगाखाली तो काही हजारांवर येतो, म्हणजे चार-पाच स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि आपल्याला वाटतं थोडं झाकोळलंय. स्वच्छ उन्हासाठी जुना हिशोब अजून चालतो, ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ १६ आणि शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) आयएसओच्या (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या) आकड्याएवढं, म्हणजे आयएसओ १०० ला शटर एक शंभरांश सेकंद. धुरकट उन्हात त्यापेक्षा एखादा स्टॉप जास्त द्यावा लागतो.

श्रावणातलं ऊनपाऊस सगळ्यात अवघड. ढगांच्या फटीतून सूर्य डोकावतो तेव्हा आजूबाजूच्या पांढऱ्या ढगांच्या कडाही उजेड फेकतात, त्यामुळे थोडा वेळ निरभ्र आकाशापेक्षाही जास्त उजेड पडू शकतो आणि पुढच्या मिनिटाला परत अंधारून येतं. अशा वेळी ॲपर्चर प्रायॉरिटी (ॲपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), ऑटो आयएसओ आणि कमीतकमी शटर स्पीड ठरवून ठेवणं हे सगळ्यात सोयीचं. पॅनोरमा काढताना मात्र मॅन्युअलच, नाहीतर जोडलेल्या फोटोत पट्टे दिसतात.

धुक्यात फोटो करडे येतात आणि फोकस तर लागतच नाही.

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर सगळ्या पांढऱ्याला मधला करडा करायला बघतो, म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन पाऊण ते एक स्टॉप प्लस करा. काळाराम मंदिराच्या काळ्या दगडाला याच्या बरोबर उलट, तिथे मायनस. फोकससाठी खोड, होडीची कड, विजेचा खांब असं काहीतरी ठळक शोधा, तिथे फोकस लावून मॅन्युअलला टाका. नांदूरमध्यमेश्वरला धुकं असेल तर लांबच्या थव्याच्या मागे लागू नका, काठाजवळचा एखादाच पक्षी, मागे नुसता पांढरा, तो फोटो जास्त बोलतो. धुकं मागची सगळी गर्दी पुसून टाकतं ही फोटोग्राफरसाठी केवढी मोठी सोय आहे!

यूव्ही फिल्टर घेऊ की पोलरायझर?

पोलरायझर, म्हणजे चमक आणि विखुरलेला उजेड कमी करणारा, लेन्सवर फिरवता येणारा फिल्टर. यूव्ही फिल्टरचा उपयोग फिल्मच्या काळात होता, डिजिटल सेन्सरसमोर अतिनील किरणं अडवणारी काच आधीच असते, त्यामुळे आता तो फक्त लेन्सच्या संरक्षणाला, आणि सूर्य समोर असेल तर तो काढूनच ठेवा.

पोलरायझर सूर्याशी काटकोनात असलेल्या आकाशावर सगळ्यात जास्त काम करतो. सकाळ-संध्याकाळी सूर्य पूर्व-पश्चिमेला, म्हणजे उत्तर-दक्षिण दिशा चांगली. हवेतला निळसर हलका धुरकटपणा त्याने बऱ्यापैकी कमी होतो, जाड धूळ आणि धुक्यावर जवळजवळ काही होत नाही. त्याचा खरा फायदा मला पावसाळ्यात वाटतो, त्र्यंबकच्या वाटेवर ओल्या पानांवरची चमक गेली की हिरवा रंग खुलून येतो. एक ते दोन स्टॉप उजेड जातो एवढं धरून चाला, आणि फार वाइड लेन्सवर आकाशात गडद डाग पडतो.

झाडांमधून उतरणारी तिरीप फोटोत कशी पकडायची?

तिरीप दिसायला हवेत कण लागतातच, एकदम स्वच्छ हवेत ती दिसत नाही. सूर्य झाडाआड किंवा खांबाआड लपवा, मागे गडद काहीतरी ठेवा, एक्सपोजर थोडं कमी करा. हिवाळ्यात सकाळी चुलीचा धूर नाहीतर दव उडत असताना मळ्यांतून सहज मिळते.

धूळ जास्त असली की सूर्यास्त जास्त लाल होतो ना?

हा गैरसमज फार पसरलाय. क्षितिजावरच्या सूर्याचा उजेड डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत जवळजवळ अडतीसपट हवेतून येतो, त्यात निळा वाटेतच विखुरला जातो आणि लाल-केशरी उरतो, त्याला धुळीची गरजच नाही. खालच्या थरातली जाड धूळ उलट रंग मळकट करते. खरे पेटलेले सूर्यास्त स्वच्छ हवा आणि वर उंच विरळ ढग असले की मिळतात, आपल्याकडे म्हणजे ऑक्टोबरात किंवा पावसाने उघडीप दिल्यावर. अपवाद मोठ्या ज्वालामुखींचा, क्राकाटोआ १८८३ आणि पिनाटुबो १९९१, त्यांनी फार उंचावर सूक्ष्म कण पसरवले आणि कित्येक महिने जगभर संध्याकाळी रंगल्या.

धुळीच्या दिवसांत मेमध्ये सूर्य नुसता केशरी गोळा दिसतो, तेव्हा मोठी लेन्स काढा आणि देवळाचा कळस किंवा किल्ल्याची कड सूर्यावर बसवा.

रात्री फ्लॅश मारला की गोल पांढरे ठिपके येतात. काही अमानवी आहे का?

अजिबात नाही. लेन्सच्या अगदी जवळचे धुळीचे कण किंवा पावसाचे तुषार फ्लॅशने उजळतात आणि फोकसबाहेर असल्याने गोल दिसतात. फ्लॅश बंद करा किंवा कॅमेऱ्यापासून लांब बाजूला धरा.

मोबाईलवर यातलं काय जमेल?

बहुतेक सगळं. आधी लेन्स पुसा, खरंच सांगतोय, खिशातल्या मोबाईलच्या लेन्सवर बोटाचा तेलकट थर असतोच आणि सूर्य समोर आला की तो थर सगळ्या फोटोवर पांढरी झाक आणतो, लोक त्यालाच धुकं समजतात. सुती कपड्याने पुसून परत एक फोटो काढून बघा. मग स्क्रीनवर बोट दाबून एक्सपोजर लॉक करा. धुक्यात ऑटो एचडीआर (उजळ-गडद भाग आपोआप सावरणारी सोय) बंद करता आला तर करा, तो धुक्यातही कॉन्ट्रास्ट ओढून आणतो आणि सगळी मजा जाते.

नंतर एडिटिंगमध्ये डीहेज (धुरकटपणा कमी करणारं टूल) मारलं की झालं ना?

थोडं होतं. पण डीहेज उरलेला कॉन्ट्रास्ट ताणतं, गेलेला परत आणत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये (सेन्सरचा कच्चा डेटा) १६,३८४, म्हणून रॉ ताणला तर सहन करतो आणि जेपेग आकाशात पट्टे दाखवायला लागतो. पूर्ण फोटोला एकसारखं लावू नका, लांबच्या डोंगरावर मास्क करून (तेवढाच भाग निवडून) लावा, जवळचं तसंच राहू द्या. आणि ओळीने एकामागे एक फिकट होत जाणारे डोंगर असतील, सप्तशृंगगडावरून दिसतात तसे, तर हात लावू नका, ती खोली हवेनेच दिलेली आहे.

धूळ आणि पावसात कॅमेरा कसा सांभाळायचा?

लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली, वाऱ्याकडे पाठ. सेन्सरवरची धूळ एफ १६ ला आकाशात डाग म्हणून दिसते, ती रबरी ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. पावसाळ्यात एसी गाडीतून इगतपुरीच्या धुक्यात उतरलात की काचेवर वाफ धरते, कॅमेरा बॅगेतच दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. घरी आल्यावर ओल्या बॅगेत ठेवू नका. बुरशी धरली की लेन्स कायमची खराब होऊ शकते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आत आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के असली की बरं.

सूर्याकडे कॅमेरा धरला तर काही होतं का?

वाइड लेन्सने, क्षितिजाजवळच्या सूर्याचा झटपट फोटो काढायला हरकत नाही. मोठी झूम लावून भर उन्हात सूर्य फ्रेममध्ये धरून ठेवला तर सेन्सर आणि शटर जळू शकतं. आणि डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्य कधीच बघू नका, हवा कितीही धुरकट असली आणि सूर्य मंद वाटत असला तरी नाही, कारण डोळ्यांना न दिसणारी इन्फ्रारेड किरणं धुरकट हवेतूनही बऱ्यापैकी पार होतात. लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या स्क्रीनवर) फ्रेम लावा, फोटो काढा आणि लगेच कॅप घाला.